चाळीस, चाळीस आणि वीस

ऑकलंडमधून दक्षिणेला जाणारी लोकल एलरस्ली स्टेशन सोडते आणि पुढचं स्टेशन येतं पेनरोज. मधल्या काही मिनिटांत खिडकीबाहेरचं चित्र पालटतं. एलरस्लीला घोड्यांच्या शर्यतींचं मोठं मैदान आहे, कडेला राखलेली हिरवळ आहे. पेनरोजला गोदामं, कारखान्यांच्या शेडी, ट्रकचे डेपो आणि माउंट स्मार्टचं स्टेडियम. हे स्टेडियम ज्या ज्वालामुखीच्या टेकडीवर उभं आहे, ती टेकडी खाणवाल्यांनी खणून जवळपास संपवली. ऑकलंडमधली पहिली रेल्वे १८७३ साली याच भागातून ओनेहंगा बंदरापर्यंत गेली, तेव्हापासून पेनरोज म्हणजे कामाला येण्याची जागा. राहणारे थोडे, राबणारे पुष्कळ.

राजकारणाच्या पुस्तकात या परिसराला जागा मिळते ती एका बैठकीमुळे. नोव्हेंबर २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या मजूर पक्षाचं, म्हणजे लेबर पार्टीचं, वार्षिक अधिवेशन एलरस्लीच्या त्या रेसकोर्सवरच्या सभागृहात भरलं. पक्षाचा नेता कोणी निवडायचा याचा नियम तिथे बदलला. त्याआधी हा अधिकार फक्त खासदारांचा होता. अधिवेशनाने त्याची तीन हिश्श्यांत वाटणी केली: खासदारांना ४० टक्के, सामान्य सभासदांना ४० टक्के आणि पक्षाशी संलग्न कामगार संघटनांना २० टक्के. रेसकोर्सवर ठरलेल्या नियमातला हा शेवटचा वीस टक्क्यांचा वाटा पेनरोजसारख्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांच्या हाती पडला.

असं का करावं लागलं, याचं उत्तर वर्षभर आधीच्या एका निवडणुकीत आहे. २०११ ची सार्वत्रिक निवडणूक हरल्यावर लेबरला नवा नेता हवा होता. रिंगणात दोघे: संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्यात बरीच वर्षं घालवलेले डेव्हिड शीअरर आणि माजी मंत्री डेव्हिड कन्लिफ. दोघांनी देशभर सभासदांच्या सभा घेतल्या. सभांमध्ये कन्लिफ यांचं पारडं जड दिसलं, पण मत होतं खासदारांना आणि त्यांनी शीअरर यांना निवडलं. आधी लोकांना बोलावून विचारायचं आणि मग दार लावून आपल्या मनाचं करायचं, हे सभासदांना झोंबलं. त्यातून एलरस्लीचा ठराव आला. सोबत आणखी एक कलम थोड्या फरकाने मंजूर झालं: फेब्रुवारीत होणाऱ्या विश्वासमतात नेत्याला खासदारांपैकी ६० टक्क्यांहून अधिक पाठिंबा मिळाला नाही, तर निवड पुन्हा खासदार, सभासद आणि संघटना या तिघांकडे जाईल. शीअरर यांच्या गोटाला हा उघड सुरुंग वाटला. अधिवेशन संपताच त्यांनी खासदारांकडून विश्वासमत घेतलं आणि कन्लिफ यांना मागच्या बाकावर बसवलं.

शीअरर फार टिकले नाहीत. ऑगस्ट २०१३ मध्ये हौशी मासेमारांवर येऊ घातलेल्या मर्यादांवरून सरकारला टोमणा मारायला ते संसदेत दोन मेलेले स्नॅपर मासे घेऊन गेले आणि सभागृहात उंच धरून दाखवले. दोनच दिवसांनी त्यांनी नेतेपद सोडलं. राजीनामा माशांमुळे आला असं म्हणणं अन्यायाचं होईल. स्वपक्षीयांचा विश्वास आटत आला होता. पण त्यांची कारकीर्द लोकांच्या डोळ्यांसमोर आजही त्या माशांसकट येते.

मग नवा नियम पहिल्यांदा वापरात आला. तीन उमेदवार होते: कन्लिफ, ग्रँट रॉबर्टसन आणि शेन जोन्स. सप्टेंबर २०१३ मध्ये निकाल लागला तेव्हा आकडे असे होते. ३४ खासदारांपैकी रॉबर्टसन यांना १६, कन्लिफ यांना ११, जोन्स यांना ७. म्हणजे ज्यांच्या शेजारी रोज बसायचं, त्या सहकाऱ्यांपैकी एक तृतीयांशही कन्लिफ यांच्या मागे नव्हते. पण सभासदांची ६०.१४ टक्के आणि संघटनांची ७०.७७ टक्के मतं त्यांना मिळाली होती. तिन्हींचं वजन घालून बेरीज झाली ५१.१५ टक्के. दुसऱ्या फेरीची गरजच पडली नाही.

लोकशाहीच्या नजरेने पाहिलं तर हा सभासदांचा विजय होता. रोजच्या कामाच्या नजरेने पाहिलं तर ती सासरी नकोशी झालेल्या सुनेची गोष्ट होती. ३४ पैकी २३ जणांनी ज्याला पहिली पसंती दिली नाही, त्याने त्याच २३ जणांना घेऊन सरकारला घेरायचं होतं. वर्षभराने, २० सप्टेंबर २०१४ ला निवडणूक झाली. लेबरला २५ टक्क्यांच्या जेमतेम वर मतं मिळाली. १९२२ नंतरची ही सर्वांत वाईट कामगिरी. आठवड्याभरात कन्लिफ पायउतार झाले.

दुसरी निवड पहिलीपेक्षा चुरशीची निघाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये चार उमेदवार उभे होते. पसंतीक्रमाच्या मतदानात एकेक बाद होत तिसऱ्या फेरीत उरले दोघे: पुन्हा रॉबर्टसन आणि समोर अँड्र्यू लिटल. लिटल हे अभियांत्रिकी, छपाई आणि कारखाना कामगारांच्या बलाढ्य संघटनेचे, ईपीएमयूचे, अकरा वर्षं राष्ट्रीय सचिव होते. आता ३२ खासदार उरले होते. त्यांतले १८ रॉबर्टसन यांच्याकडे, १४ लिटल यांच्याकडे. सभासदांतही रॉबर्टसन पुढे. संघटनांच्या कप्प्यात मात्र लिटल यांना सुमारे तीन चतुर्थांश मतं पडली आणि सगळा हिशेब होऊन ते ५०.५२ विरुद्ध ४९.४८ असे जिंकले. खासदारांना नको, सभासदांना नको, तरी नेता तोच. वीस टक्क्यांनी ऐंशी टक्क्यांचा कल फिरवला होता.

ब्रिटनच्या लेबर पार्टीत २०१० साली हेच घडलं होतं. खासदारांत आणि सभासदांत डेव्हिड मिलिबँड पुढे होते, पण संघटनांच्या जोरावर धाकटे भाऊ एड निसटते जिंकले. तिथे भावाभावांतला प्रश्न झाल्याने त्याची चर्चा जगभर झाली. लिटल-रॉबर्टसन यांच्यातला फरक मिलिबँड बंधूंच्या फरकापेक्षाही थोडा कमी होता, याची दखल न्यूझीलंडबाहेर फारशी कोणी घेतली नाही.

संघटनांना मत द्यावं की देऊ नये, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. हा पक्ष जन्मलाच कामगार चळवळीतून. खाणी, गोदी, रेल्वेचे कारखाने, खाटीकखाने यांतल्या माणसांनी वर्गणी काढून तो उभा केला. ज्यांच्या पैशावर घर उभं राहिलं, त्यांना कारभारी निवडताना एक खुर्ची असावी, यात वावगं काय? पण संघटनेचं मत कोण टाकतं, हा प्रश्न उरतोच. त्या काळी संलग्न संघटना मतदान आपापल्या रीतीने घेत. पेनरोजच्या एखाद्या शेडमध्ये फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या माणसापर्यंत ती मतपत्रिका प्रत्यक्ष पोचते, की त्याचं मत त्याच्या प्रतिनिधीच्या खिशातून टाकलं जातं, यावर त्या वीस टक्क्यांचा अर्थ अवलंबून असतो. मला स्वतःला वाटा असण्याची अडचण वाटत नाही. तो मोजण्याची पद्धत एकसारखी नव्हती, याची वाटते.

सभासदांना मत देण्यातही धोके आहेत आणि ते पाहायला कॅनडाच्या प्रांतांकडे जावं. तिथे सत्तेतल्या प्रांतिक पक्षाने नेता निवडला की तोच थेट प्रांताचा मुख्यमंत्री, म्हणजे प्रीमियर होतो. १९९२ साली अल्बर्टा प्रांतात पुराणमतवादी पक्षाने सभासदांचं थेट मतदान घेतलं. पहिल्या फेरीत नॅन्सी बेटकोव्स्की यांनी राल्फ क्लाइन यांच्यावर आघाडी घेतली, फक्त एका मताची. दुसरी फेरी आठवड्याने होती आणि त्या आठवड्यात नवे सभासद नोंदवायला मुभा होती. क्लाइन यांच्या माणसांनी गावोगाव नोंदणी केली आणि दुसऱ्या फेरीत ते मोठ्या फरकाने जिंकले. सभासदत्वाची पावती हाच मतदानाचा परवाना असेल, तर पावतीपुस्तकं ज्याच्याकडे जास्त तो बलवान. आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या वाचकाला यात नवं काही नाही. पक्षाचा नेता तोच प्रीमियर, या रीतीने २००० साली ब्रिटिश कोलंबियात पंजाबात जन्मलेले उज्जल दोसांझ सत्ताधारी पक्षाचे नेते आणि काही दिवसांत प्रीमियर झाले. भारतीय वंशाच्या माणसाने त्या देशात एवढं पद मिळवण्याची ती पहिली वेळ.

न्यूझीलंडमध्ये आज प्रांतिक सरकारं नाहीत, पण एकेकाळी होती. १८५२ च्या कायद्याने तिथे सहा प्रांत पाडले गेले. ऑकलंड हा त्यांतला एक आणि प्रत्येकाला मतदारांनी थेट निवडलेला सुपरिंटेंडेंट. पक्ष नव्हते, त्यामुळे पक्षाचा नेता निवडायचा प्रश्नही नव्हता. १८७६ मध्ये प्रांत मोडीत काढले गेले. ऑकलंडचे अखेरचे सुपरिंटेंडेंट सर जॉर्ज ग्रे शेवटपर्यंत विरोधात लढत राहिले. तेव्हापासून सगळी सत्ता वेलिंग्टनला आणि नेते घडवण्या-मोडण्याचं कामही तिथल्या एका बंद खोलीत.

त्या खोलीचा पहिला मोठा किस्सा १८९३ चा. देशातला पहिला खरा संघटित पक्ष म्हणजे लिबरल. त्याचे प्रमुख आणि पंतप्रधान जॉन बॅलन्स एप्रिलमध्ये वारले. आपल्यामागे रॉबर्ट स्टाउट यांनी यावं अशी त्यांची इच्छा होती, पण स्टाउट तेव्हा संसदेत नव्हते. म्हणून रिचर्ड सेडन यांनी सूत्रं हाती घेतली. तात्पुरती, खासदारांची बैठक भरून रीतसर मतदान होईपर्यंत, असा सर्वांचा समज होता. स्टाउट पोटनिवडणूक जिंकून संसदेत आले. मतदान मात्र कधीच झालं नाही. सेडन १९०६ मध्ये मृत्यू येईपर्यंत पंतप्रधान राहिले, तेरा वर्षं. हंगामी नेमणुका किती चिवट असतात हे आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत बसलेल्यांना कोणी समजावून सांगायला नको. १८९३ मध्येच न्यूझीलंडच्या स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि पेनरोजच्या शेजारच्या ओनेहंगाने एलिझाबेथ येट्स यांना महापौर निवडून सबंध ब्रिटिश साम्राज्यातली पहिली महिला महापौर दिली. एकीकडे मताचा हक्क एवढा रुंदावत होता आणि दुसरीकडे देशाचा पंतप्रधान मतदान टाळून ठरत होता.

लेबरचा प्रतिस्पर्धी नॅशनल पक्ष. त्याने या साऱ्या वाटणीत कधी हात घातला नाही. तिथे नेता खासदारच निवडतात आणि खासदारच काढतात, गुप्त मतदानाने, अनेकदा एका दुपारीत. १९९७ मध्ये पंतप्रधान जिम बोल्जर राष्ट्रकुल परिषदेसाठी एडिनबरोला गेले असताना जेनी शिपली यांनी पक्षातला बहुमताचा आकडा जुळवला. बोल्जर परतले तेव्हा खुर्ची गेल्यातच जमा होती. डिसेंबरमध्ये शिपली देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. मे २०२० मध्ये, साथीच्या ऐन काळात, सायमन ब्रिजेस यांना हटवून टॉड मलर आले. ५३ दिवसांत थकून त्यांनी राजीनामा दिला. त्याच संध्याकाळी जुडिथ कॉलिन्स निवडल्या गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्यावर अविश्वास आला आणि पाच दिवसांनी ख्रिस्तोफर लक्सन नेते झाले. ते संसदेत येऊन वर्षच झालं होतं. दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले.

ही पद्धत निर्दयी आहे यात शंका नाही. पण या सगळ्या उलथापालथीत पक्ष फुटला नाही. ब्रिजेस हरले आणि त्याच पक्षात राहिले. बोल्जर यांना राजदूत म्हणून अमेरिकेला पाठवण्यात आलं. हरलेल्याला घरात जागा असते आणि मतमोजणी कुठे, कोणापुढे होणार हे भांडण सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं. माझ्या मते कोणाला किती टक्के याहून ही गोष्ट जास्त मोलाची आहे.

आपल्याकडे काय होतं ते पाहा. गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने १९६३ मध्ये पहिलीच निवडणूक जिंकली आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १२ ऑगस्ट १९७३ ला ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्रिपदी आल्या. त्या मंत्रिमंडळात होत्या, कर्तबगार होत्या, पुढे सहा वर्षं त्यांनी राज्य चालवलं. पण एका दिवसात झालेल्या निवडीत दुसरं नाव गंभीरपणे तोलायला वेळच नव्हता. १९७९ मध्ये पक्षाच्याच काही आमदारांनी साथ सोडली आणि सरकार कोसळलं.

शिवसेनेत २००३ च्या महाबळेश्वर अधिवेशनात उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले. ठराव मांडला राज ठाकरे यांनी. तीन वर्षांनी राज यांनी स्वतंत्र पक्ष काढला, म्हणजे त्या निवडीतली खरी स्पर्धा मतपेटीऐवजी रस्त्यावर लढली गेली. राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये शरद पवार यांनी २ मे २०२३ रोजी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये, आत्मचरित्राच्या प्रकाशनातच, अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं. कार्यकर्ते रडले, समिती नेमली गेली आणि ५ मे रोजी समितीने राजीनामा फेटाळला. दोन महिन्यांत, २ जुलैला, अजित पवार उपमुख्यमंत्री झाले होते आणि पक्ष दोन झाले होते. संस्थापक हयात असलेल्या पक्षात नेतानिवड ही सगळ्यांत अवघड बाब असते. न्यूझीलंडलाही याचा अनुभव आहे: विन्स्टन पीटर्स यांनी १९९३ मध्ये न्यूझीलंड फर्स्ट हा पक्ष काढला आणि तेव्हापासून त्याचा नेता एकच.

शिवसेनेतून एकनाथ शिंदे यांचा गट फुटला त्याचा आणि राष्ट्रवादीतल्या फुटीचा, दोन्हींचा निवाडा शेवटी निवडणूक आयोगाच्या दारी गेला. १९७१ च्या सादिक अली खटल्यापासून आयोगापुढे कसोट्या आहेत: पक्षाची उद्दिष्टं, पक्षाची घटना आणि बहुमत, संघटनेतलं व विधिमंडळातलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेबाबत आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीबाबत आयोगाने निर्णय दिला तेव्हा संघटनेतलं बहुमत भरवशाने मोजता येत नाही असं त्याला आढळलं. कारण पदाधिकारी निवडून आलेले होते की नेमलेले, हेच वादात होतं. उरली विधिमंडळाची कसोटी. शिवसेनेच्या ५५ पैकी ४० आमदार एकनाथ शिंदे यांच्याकडे होते. नाव आणि धनुष्यबाण तिकडे गेले. लाखो सभासद अर्जांच्या गठ्ठ्यांना किंमत आली नाही. सभासदांचं मत कधी मोजलंच गेलं नव्हतं, मग वादाच्या दिवशी ते कुठून आणणार?

म्हणजे मुंबईत आणि वेलिंग्टनमध्ये, वाटा निराळ्या असल्या तरी, अखेर आमदार-खासदारांची डोकी मोजली गेली. लेबरने तर ही वाट स्वतःहून पुन्हा धरली. एलरस्लीच्या नियमांत एक झडप होती: निवडणुकीला तीन महिन्यांहून कमी वेळ उरला असताना जागा रिकामी झाली, तर फक्त खासदार निवड करतील. १ ऑगस्ट २०१७ ला, मतदानाला सात आठवडे असताना, लिटल यांनी स्वतः खुर्ची सोडली. पक्षाच्या चाचण्या २४ टक्क्यांपर्यंत घसरल्या होत्या. त्याच सकाळी खासदारांनी उपनेत्या जसिंडा आर्डर्न यांची बिनविरोध निवड केली. २३ सप्टेंबरला लेबरला जवळपास ३७ टक्के मतं मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये ३७ वर्षांच्या आर्डर्न पंतप्रधान झाल्या. पक्षाने दोनदा आठवडेच्या आठवडे सभा घेऊन, सभासद-संघटनांना विचारून नेता निवडला आणि दोन्ही वेळा फसला. तिसऱ्यांदा कोणाला न विचारता काही तासांत निवडला आणि जिंकला.

या अनुभवातून पक्षाने काय घेतलं ते २०२१ च्या अधिवेशनात दिसलं. नवी तरतूद अशी: जागा रिकामी झाल्यापासून सात दिवसांत दोन तृतीयांश खासदार एका नावावर एकत्र आले, तर तोच नेता. जमलं नाही, तरच चाळीस-चाळीस-वीसचा रस्ता. सभासद आणि संघटनांचा हक्क कागदावर राहिला. त्याला कुलूप लागलं आणि किल्ली खासदारांकडे गेली. यावर फारसा गदारोळ झाला नाही, कारण तेव्हा आर्डर्न लोकप्रिय होत्या आणि जागा रिकामी होईल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. नियम बदलायला अशीच वेळ सोयीची असते.

जागा रिकामी झाली १९ जानेवारी २०२३ ला. नेपियरमध्ये खासदारांच्या बैठकीच्या दिवशी आर्डर्न यांनी राजीनामा जाहीर केला. पंतप्रधानपद अडकून पडू नये म्हणून सगळ्यांनी घाई केली. २१ तारखेला कळलं की नाव एकच आलंय, ख्रिस हिपकिन्स. २२ तारखेला, रविवारी, त्यांची निवड झाली. बुधवारी शपथविधी. न्यूझीलंडमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीचे ते दिवस, पेनरोजचे कितीतरी कारखाने जेमतेम सुरू होत होते. हा भाग ज्या माउंगाकिएकिए मतदारसंघात मोडतो, तिथल्या खासदार होत्या चेन्नईत जन्मलेल्या प्रियांका राधाकृष्णन, न्यूझीलंडच्या पहिल्या भारतीय वंशाच्या मंत्री. नेता ठरवायच्या मतदानात हक्क त्यांना होता, त्यांच्या मतदारसंघातल्या पक्षसभासदांना आणि संघटनांच्या कामगारांना नव्हता.

त्या मतदारसंघात आपल्याकडून गेलेली कुटुंबंही आहेत आणि न्यूझीलंडचा कायदा त्यांच्याबाबत उदार आहे. तिथे कायम निवासाचा परवाना असलेला माणूस देशात वर्षभर राहिला की नागरिकत्वाविना संसदेसाठी मत देऊ शकतो. असा माणूस भारतीय पासपोर्ट खिशात ठेवून ऑकलंडमध्ये खासदार निवडू शकतो. ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत माउंगाकिएकिएने नॅशनलच्या ग्रेग फ्लेमिंग यांना निवडलं, राधाकृष्णन पक्षाच्या यादीतून संसदेत राहिल्या आणि लेबर देशभर हरला. नोव्हेंबरमध्ये पराभूत लेबरच्या खासदारांनी हिपकिन्स यांनाच पुन्हा नेता म्हणून कायम केलं. चाळीस-चाळीस-वीसचं मतदान पुन्हा व्हायचं, तर त्या खासदारांत आधी फूट पडायला हवी.